एक मजला कमी

सिकंदर मुजावराला बापाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाप, म्हणजे लालासाहेब, मातीआड होऊन बरीच वर्षं झाली. पण मोहरमचा चांद दिसला आणि अंगणात बांबू येऊन पडले, की म्हातारा सिकंदरच्या तोंडून बोलायला लागायचा. बांबूची कामटी अशी काढायची, अब्बाजी सांगायचे. सूत माधवनगरचंच आणायचं, अब्बाजी सांगायचे. कागद चिकटवायची खळ शिजत असताना ढवळणारा हात बदलायचा नाही, अब्बाजी सांगायचे. "आवं, त्यास्नी कबरीत तरी जरा निजू द्या," असं अख्तरबी, त्याची बायको, मोहरमच्या गोड चोंग्यांचं पीठ मळता मळता म्हणायची. सिकंदर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. त्या बाबतीत त्याचा हात धरणारा तालुक्यात दुसरा कुणी नव्हता.

कडेगावचे ताबूत बघायला लांबून लांबून माणूस लोटतं. हे गाव त्याच तालुक्यातलं, पण आत, माळावर. इथले ताबूत दोनच, एक खालच्या आळीचा आणि एक वरच्या आळीचा. कडेगावच्या पुढं ती लेकरंच, पण आपलं लेकरू कुणाला ठेंगणं वाटतं? खालच्या आळीचा ताबूत बांधायचा मान सिकंदरच्या घराचा, आणि उचलताना पहिला खांदा धनाजी साळुंख्याच्या घराचा. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, ते कुणाला माहीत नाही. त्या दहा दिवसांत हिंदू कोण, मुसलमान कोण, असं विचारायची गावात पद्धत नाही. बाहेरच्या एखाद्यानं विचारलंच, तर अख्तरबी त्याची चांगली खरडपट्टी काढायची.

ताबुताला खिळा नाही, तार नाही. नुसता बांबू आणि सूत, आणि वरून रंगीत कागद. आणि बांधायचा तो वरून खाली. कळसाचा मजला आधी जमिनीवर बांधायचा. तो दहा-वीस जणांनी उचलून धरायचा आणि त्याच्या पोटाखाली दुसरा बांधायचा. मग ते दोन्ही उचलायचे आणि खाली तिसरा. असं करत करत कळस वर जातो आणि काम खाली येतं. त्यामुळं उंची किती करायची, ते आधी ठरवावं लागत नाही. जिथं थांबाल तिथं पाया.

दहाव्या दिवशी चौकात दोन्ही ताबुतांची भेट होते. जो उंच असेल त्यानं वाकायचं, ठेंगण्यानं ताठ राहायचं. मोठ्यानं वाकावं, ही रीत. आजवर दरसाल खालच्या आळीचाच ताबूत वाकत आलेला. सिकंदरला त्या वाकण्याचा एवढा ताठा होता, की काही विचारू नका.

आता मोहरम चालतो चंद्रावर. दरसाल थोडा अलीकडं सरकतो. उन्हाळ्यातला थंडीत जातो, थंडीतला पावसाळ्यात, आणि तेहतीस वर्षांनी फिरून त्याच महिन्यात येतो. लालासाहेबांनी हा अख्खा फेरा आपल्या हातानं बांधून काढला होता, आणि कुठल्या महिन्यातल्या ताबुताला काय करायचं ते सिकंदरच्या डोक्यात भरून ठेवलं होतं. उन्हाळ्यात बांबू ओल्या पोत्यात गुंडाळायचा. थंडीत खळ पातळ करायची. भाद्रपदात कागदाच्या आत मेणकापड घालायचं. आणि मृग सरल्यावर मोहरम आला, तर काहीच करायचं नाही. आपल्या माळावर त्या दिवसांत नुसती झिमझिम. कागद ओला होतो आणि वाऱ्यानं वाळतो.

मागच्या फेऱ्याला, मृग सरल्यावरचा ताबूत सिकंदरनं ऐन जवानीत बापाच्या शेजारी उभं राहून बांधला होता. तेव्हा खरोखर कागदाचं टोकसुद्धा उसवलं नव्हतं. आता तोच महिना फिरून आला होता. सिकंदर गावभर सांगत होता, "ह्यो मोहरम माझ्या वळखीचा हाय."

सातव्या दिवशी संध्याकाळी ताबूत अंगणात उभा होता. शेवटचा मजला बांधून झाला होता. आळीतली माणसं जमली होती, शरबताचे पेले फिरत होते. उकाडा असा, की पाऊसकाळ आहे का वैशाख, कळेना. दिवसभर बांबू कडाकडा तडकत होते. धनाजी मान वर करून ताबुताकडं बघत होता. बघता बघता त्याला उमाळा आला.

"सिकंदर, आजून येक मजला घालूया का रं?"

"घालूया की," सिकंदर म्हणाला. कुणी असं विचारावं, याचीच तो वाट बघत होता.

तेवढ्यात ओसरीवरून तहरीम म्हणाली, "अब्बा, घालू नका. हाय त्यातलाच येक कमी करा."

तहरीम ही सिकंदरची लेक. पुण्यात नोकरीला. तिथल्या एका संस्थेत साऱ्या आशिया खंडातल्या ठिकठिकाणच्या पावसाचे आणि उन्हाचे आकडे येतात, सत्तर-सत्तर वर्षांचे. कुठं एका दिवसात सगळ्यात जास्त पाऊस कधी पडला, कुठं उन्हानं कळस कधी गाठला, आणि ते सगळं वाढत चाललंय का, एवढंच ती दिवसभर ताडून बघते. गावाला तिचं काम फक्त "हवामानात हाय" एवढंच ठाऊक. मोहरमला ती न चुकता रजा काढून यायची. लहानपणी ताबुताच्या पोटात शिरून आतल्या गाठी तीच मारायची, कारण तिथं मोठ्या माणसाचा हात जात नसे.

"कमी?" धनाजी हसला. "का गं बाय?"

"धनाजीकाका, आता पाऊस पैल्यासारखा पडत न्हाई." तिनं मोबाईल पुढं केला. नकाशा होता, त्यावर निळे आणि तांबडे ठिपके. "ह्यो सगळा आशिया. सगळीकडं सारखं न्हाई, काही जागी उलटंबी हाय. पर लय ठिकाणी असंच झालंय. वरसाचा पाऊस तेवढाच, पडायचे दिवस मातर कमी. आन पडतो तवा दोन-तीन तासांत सगळा. मदल्या दिवसांत ऊन असं, की बांबू वाळून कोळसा व्हावा. आधी असं वाळायचं आन मग एकदम भिजायचं, ह्यात सूत टिकायचं न्हाई. आन वारा आला तर एवढी उंची धरायची न्हाई. अब्बा मागल्या फेऱ्याचा पाऊस धरून बसल्यात. तो पाऊस गेला."

बोलणं साधंच होतं. पण "तो पाऊस गेला" हे सिकंदरला झोंबलं. त्याला वाटलं, पोरगी भरल्या अंगणात बापाच्या बापाला खोटं पाडतीय.

"ह्यात आपला ठिपका कंचा?" त्यानं विचारलं.

"आपल्या गावाचा ठिपका न्हाई. जवळचा सांगलीचा."

"सांगलीचा!" सिकंदरनं माणसांकडं वळून हात पसरले. "आयकलं का? आरं, सांगली कृष्णेच्या काठाला. पूर त्यास्नी येतोय. आमाला पाणी टँकरनं येतंय. हिच्या कंप्युटरात आख्ख्या आशियाचा पाऊस पडतोय, आन आमच्या आळीत थेंब न्हाई! उद्या चीनमदी ढग आलं, तर हितं छत्री उघडायची का गं?"

अंगण खो-खो हसलं. शरबताचा पेला धनाजीच्या हातातून सांडला. सगळ्यात मोठं हसू सिकंदरचं होतं. हसता हसता त्यानं तहरीमकडं बघितलं. तिनं मोबाईल ओढणीत गुंडाळला होता आणि ती आत निघाली होती. तिची मान खाली होती. सिकंदरला क्षणभर कसंसंच झालं, पण माणसं अजून हसत होती आणि हसवणारा तो होता. माणसाला एवढ्या गोष्टीची भूल पडते.

आणखी एक मजला चढला.

नवव्या दिवशी सकाळपासून झळा लागत होत्या. अंगणातली कोंबडी पंख पसरून सावलीत पडली होती. सिकंदर शिडीवर चढून कळसाच्या मजल्याला चंदेरी कागद चिकटवत होता आणि खळ कागदाला लागायच्या आधी ब्रशवरच वाळत होती. दुपार कलली, आणि पश्चिमेकडून आभाळ असं काळं झालं, की कावळे ओरडत झाडात शिरले.

"झिमझिम येतीय," सिकंदर म्हणाला. "येऊ द्या. वाळंल."

पहिला सपकारा आला तेव्हा तो शिडीवरच होता. तो पाऊस नव्हताच. कुणीतरी वरून घागरी उपड्या कराव्यात, तसं पाणी आलं. समोरचं घर दिसेना. कागदाचा रंग ओघळून तांबडं-हिरवं पाणी अंगणात पसरलं आणि सिकंदरच्या पायांवरून वाहू लागलं. दोन दिवस तडकलेले बांबू पाणी पिऊन कुरकुरायला लागले. धनाजी आणि आळीतली पोरं धावत आली. कुणी दोर धरले, कुणी खांब धरले.

"ताडपत्री!" सिकंदर ओरडला. "ताडपत्री आणा, गुंडाळा वरनं!"

उसाच्या ट्रॉलीवरची मोठी ताडपत्री आणली. पोरं शिडीवर चढली. तहरीम ओसरीवरून भिजत अंगणात आली, तिच्या हातात सुताचं बंडल होतं.

"अब्बा, ताडपत्री बांधू नका! वारा धरंल ती! कागद जाऊ द्या, बांबू मोकळा सोडा!"

सिकंदरला ऐकू आलं. हे महत्त्वाचं. पावसाचा आवाज होता, माणसांचा कालवा होता, पण लेकीचा शब्द न् शब्द त्याला ऐकू आला. आणि परवाच्या हसण्यानंतर आता तिचं ऐकायचं, हे त्याच्या जिवावर आलं. त्यानं स्वतः शिडीवर जाऊन ताडपत्रीचा शेवटचा कोपरा चौथ्या मजल्याला आवळून बांधला.

वारा आला. ताडपत्री फुगली. ताबूत एकदा हळूच एका अंगाला झुकला, दोर धरलेल्यांचे पाय चिखलात घसरत गेले, आणि वरचे चार मजले कडकड मोडत शेजारच्या मशिदीच्या भिंतीवर आले. कुणाला लागलं नाही, ही खुदाची मेहेर. कळस चिखलात पालथा पडला होता.

पाऊस जसा आला तसा गेला. सगळा मिळून दोनेक तासांचा खेळ. पोरं चिखलात गुडघे टेकून कळस उचलत होती. अख्तरबी दारात उभी राहून पदरानं तोंड पुसत होती. मग धनाजी बोलला. तो तसा वाईट माणूस नव्हे. पण त्याच्या घराण्याचा पहिला खांदा उद्या कशाखाली द्यायचा, हे त्याला कळेना, आणि अशा वेळी माणसाला कुणीतरी लागतं.

"परवाच्याला पोरगी बोलली न्हवं, येक मजला कमी करा म्हनून," तो म्हणाला. "भरल्या कामात आसलं तोंडातनं काढायचं? तवाच नाट लागला."

"व्हय बाबा," शेजारची हरणाबाई म्हणाली. ती दरसाल या ताबुताला नवस बोलणारी. "जिभंवर कायबाय बसलेलं आसतंय येकेकाच्या."

सगळ्यांनी सिकंदरकडं बघितलं. तहरीमनंही बघितलं. ओलं सूत तिच्या हातात तसंच होतं, त्यातून पाणी गळत होतं. सिकंदरला एवढंच म्हणायचं होतं: ताडपत्री मी बांधली, ती नको म्हणत होती. केवढंसं वाक्य. पण पुढं गाव उभं, मागं बाप उभा, आणि मधे त्याची लाज. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"मी तिला घरात बजावलं हुतं," तो म्हणाला. "कामाच्या मदी आसलं बोलू नगंस म्हनून. आयकती कुठं."

बजावलं बिजावलं काही नव्हतं. तहरीमला ते ठाऊक होतं. अख्तरबीला ठाऊक होतं. अख्तरबीच्या हातातला पदर तोंडापाशीच थांबला. तहरीमनं बापाकडं बघितलं, रागानं नव्हे. जसं एखाद्या आकड्याकडं बघतात, चुकून लिहिलाय का खरंच असाय म्हणून. मग तिनं सुताचं बंडल ओसरीच्या कडेला ठेवलं, नीट, चिखल लागणार नाही असं. आणि आत गेली.

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. सिकंदर खाली बघत उभा राहिला. खाली रंगाचं पाणी होतं, आणि जमीन काही दुभंगली नाही.

पण ताबूत तर उभा करायलाच हवा होता. खालचे मजले जागेवर होते, पण वरून जोडायची रीतच नाही. उभं होतं ते सोडवायचं, कळसाचा मजला आधी दुरुस्त करायचा आणि त्याच्या पोटाखाली एक-एक उरलेला बांधत यायचं. माणसं कामाला लागली. बांबू फुगलेले, सूत सैल पडलेलं. कळसाच्या आतल्या गाठी तुटल्या होत्या आणि सिकंदरची बोटं आत जाईनात. जवानीत गेली नव्हती, ती आता कशी जातील? त्यानं दोनदा घालून बघितली. दोन्हीदा हात सोलून निघाला.

"सरका," तहरीम म्हणाली.

ती कधी आली होती, त्यानं बघितलं नव्हतं. ओढणी कमरेला खोचून ती कळसाच्या आत वाकली आणि गाठी मारायला लागली. मोठी झाली तरी हात तसाच बारीक. तिच्या मानेवर पाण्याचे थेंब होते. सिकंदर बाहेरून बांबू धरून होता. दोघांच्या मधे हातभर अंतर. "बेटा" एवढा शब्द त्याच्या घशापर्यंत चार वेळा आला असेल. पण शेजारी धनाजी होता, पोरं होती, आणि सगळ्यांच्या देखत जे बोललं ते कोपऱ्यात पुसायचं, हे त्याला आणखीच हलकं वाटलं. त्यानं बांबू घट्ट धरला.

"सूत द्या," तहरीम म्हणाली. त्यानं दिलं. त्या दिवशी त्यांचं बोलणं झालं ते एवढंच.

दहाव्या दिवशी चौकात ताबूत गेले. खालच्या आळीचा ताबूत एरवीच्या निम्मा. कागद जुना-नवा मिळून लावलेला, रंग एकमेकांत मिसळलेले. वरच्या आळीचा ताबूत काल पावसात शाळेच्या उंच भिंतीच्या आडोशाला होता, तो जसाच्या तसा. दोन्ही समोरासमोर आले. ढोल थांबला. आणि पहिल्यांदाच वरच्या आळीच्या पोरांनी गुडघे टेकले, दोर सैल सोडले, आणि त्यांचा ताबूत खालच्या आळीच्या ताबुतापुढं वाकला. सिकंदरचा ताबूत ताठ उभा होता. बायाबापड्या रडत होत्या, खारका-खोबरं उधळत होत्या. सिकंदरनं डोळे मिटून घेतले. असं ताठ उभं राहण्यापेक्षा काल त्या बांबूंखाली सापडलो असतो तर बरं, असं त्याला वाटलं.

भेट झाली की खांदेकऱ्यांचे आभार मानायला सिकंदरच्या हातात माइक द्यायचा, ही आणखी एक रीत. कर्णा मशिदीच्या खांबावर. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत आवाज जातो. सिकंदरनं वर छपरांकडं बघितलं. भेट बघायला बाया छपरावर बसतात. अख्तरबी होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तहरीमची दुपारची गाडी होती, ती घरात पिशवी भरत असणार.

एरवी सिकंदर माइकवर फुलून बोलायचा. आज त्यानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"मंडळी," तो म्हणाला. "काल जे झालं ते माझ्या हातनं झालं. माज्या लेकीनं सांगितलं हुतं, उंची कमी करा. मी तिला हसलो. तिनं वरडून सांगितलं, ताडपत्री बांधू नका. मला ते आयकू आलं हुतं. तरी मी बांदली. आन वरनं तिच्यावर ढकललं. मी तिला घरात बजावलं हुतं म्हनलो, ते खोटं. मी तिला काय बजावलं न्हवतं." त्यानं ताबुताकडं हात केला. "आज ह्यो ताबूत हुबा हाय, तो तिच्या गाठींवर हुबा हाय."

सिकंदरला वाटलं, सुटलो. छातीवरचा धोंडा उतरला. पुढं धनाजी उभा होता, त्याचे डोळे भरले होते. हरणाबाईनं तर पदरच डोळ्यांना लावला.

"बाप हाय त्यो!" ती मोठ्यानं म्हणाली. "लेकीच्या चुकीवर पांघरूण घालतोय. सोताच्या अंगावर घेतोय बिचारा!"

"काय मन हाय बघा," कुणीतरी म्हणालं.

धनाजीनं माइक घेतला. त्यानं सिकंदरच्या खांद्यावर हात टाकला आणि कर्ण्यातून साऱ्या गावाला सांगितलं, "मंडळी, बाप आसावा तर आसा! पोरीची चूक पोटात घालून सोताकडं घेनारा. पोरगी शिकली-सवरली, पर लहान हाय. तिला आपन माफ केलं. काय?"

"केलं, केलं!" चौक म्हणाला. टाळ्या पडल्या.

"आवं, न्हाई," सिकंदर म्हणाला. "आवं, आयका की—" पण ढोल सुरू झाला होता, आणि लोक त्याच्या गळ्यात पडत होते. जो तो त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होता. वरच्या आळीच्या एका पोरानं त्याच्या गळ्यात हार घातला. तो काढायला गेला, तर लोकांना त्यातही त्याचा मोठेपणाच दिसला. काल एका खोट्यानं लेकीवर जो डाग टाकला होता, तो आज खऱ्यानं पक्का झाला. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या कौतुकासाठी त्याच्या घरानं हात सोलून घेतले, ते सगळं त्याच्या अंगावर ओतलं जात होतं.

तो कसाबसा सुटून घरी आला. तहरीम ओसरीवर पिशवीची चेन लावत होती. कर्णा दारासमोरच होता. तिनं सगळं ऐकलं होतं, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

सिकंदर तिच्यासमोर खाली फरशीवर बसला. गळ्यात हार तसाच. तो त्यानं आता काढला आणि कुठं ठेवावा ते न कळून मांडीवर ठेवला.

"खरं सांगितलं गं मी," तो म्हणाला. "खुदाशपथ, आज खरं सांगितलं."

"व्हय अब्बा. आयकलं मी."

"त्यास्नी पटंना."

तहरीम हसली नाही. "तुमाला कुठं पटलं हुतं?"

अख्तरबी छपरावरून उतरून दारात येऊन उभी राहिली होती. तिनं चोंग्यांचा डबा तहरीमच्या पिशवीत घातला, आणि नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"माफ कर म्हनायचीबी लाज वाटतीया," तो शेवटी म्हणाला. "सांग, मी काय करू?"

"परत सांगा," तहरीम म्हणाली.

"न्हाई आयकलं तर?"

"मग परत सांगा. मी दुसरं काय करते, अब्बा? सत्तर सालांचा पाऊस मांडून दावते, लोक हसत्यात. काही जण टाळ्याबी वाजवत्यात, आन घरला जाऊन आणखी येक मजला चढवत्यात. मी परत मांडते. येकदा बोललं की झालं, आसं नसतंय." तिनं पिशवी खांद्याला लावली. "गाडी चुकंल माजी."

तिनं वाकून त्याच्या पायाला हात लावला नाही, दरसाल लावायची. त्यानंही पाय पुढं केला नाही. ती अंगणातून निघाली. अंगणातल्या मातीला अजून तांबडा-हिरवा रंग होता. धनाजीच्या दारावरून जाताना ओट्यावर बसलेल्या हरणाबाईनं तिला हाक मारली, "जा बाय, सुखानं जा. झालं गेलं इसरलो आमी." तहरीम मान हलवून पुढं गेली. हे सगळं सिकंदरनं दारातून बघितलं.

तो उठला. पायात चपला घातल्या.

"जेवायचं न्हाई का?" अख्तरबीनं विचारलं.

"यीऊन जेवतो."

धनाजीच्या ओट्यावर आठ-दहा माणसं चहा पीत बसली होती. सिकंदर दिसताच सगळी उठली. "या या, मोठ्या मनाचा मानूस आला," धनाजी म्हणाला आणि त्यानं आपली जागा मोकळी केली. "च्या घे गड्या."

"च्या नगं. धनाजी, ताडपत्री मी बांदली. पोरगी नगं म्हनत हुती."

धनाजी हसला. "आरं, किती लपवशील तिचं? बस की."

बाकीचेही हसले, मायेनंच हसले. दोन-तीन दिवसांपूर्वी अंगणात हेच हसू होतं, हीच माणसं होती, आणि सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता. मधे उभं राहून ते ऐकताना कसं लागतं, हे त्याला आज कळलं. त्याचे कान तापले. पळून घरी जावं असं त्याला वाटलं.

"मी बसत न्हाई," तो म्हणाला. "हुबा ऱ्हाऊन सांगतो. सातव्या दिवसापासनं सांगतो. हसायचं तर हसा."

आणि त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.